पडद्यावरील वाचन व शिक्षकाचे कर्तव्य

वाचन ही सर्व शिक्षणाची पहिली पायरी होय. पूर्वी खेड्यातील मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक, घरातील एखादी पोथी आणि वाण्याच्या पुडीचा कागद एवढेच वाचावयास येई. आता घरोघरी मोबाइल आले आहेत. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असून, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ व्यवस्थेतील साहित्य त्यांच्या योगाने उघडता येते. मराठी विश्वकोशातील नोंदीही घरबसल्या वाचता येतात. ज्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक कपाट, तिला हा लाभ लहान नाही. परंतु साधन बदलले की वाचण्याची रीतही बदलते, आणि ती कशी बदलते हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

याकोब नील्सन ह्यांनी २००६ साली २३२ व्यक्तींच्या डोळ्यांच्या हालचालींवरून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. पडद्यावर वाचताना पुष्कळ लोक वरच्या काही ओळी आडव्या वाचतात आणि नंतर त्यांची नजर डाव्या कडेने खाली उतरते, असे तीत दिसून आले. ही चाळण्याची रीत होय. बाजारभाव पाहावयाचा असेल तर ती पुरते. धडा समजून घ्यावयाचा असेल तर पुरत नाही.

नॉर्वेमध्ये दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांना तेच उतारे काहींना कागदावर व काहींना संगणकावर वाचावयास दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. पुढे २०१८ साली अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. त्यावरून माहितीपर मजकुराच्या बाबतीत कागद सरस, विशेषतः वेळ मर्यादित असता सरस, असे आढळले. गोष्टींच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. ह्यांतील बहुतेक अभ्यास मोठ्या विद्यार्थ्यांचे होते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग करावा.

असे का व्हावे? छापील मजकुराला ठिकाण असते. ‘डाव्या पानावर, चित्राच्या खाली’ असे मुलाला आठवते. पडद्यावरील मजकूर सरकत राहतो. त्याला असे ठिकाण राहत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. इस्राएलमधील २०११ च्या एका संशोधनात असे दिसले की, पडद्यावर वाचणाऱ्यास आपल्याला समजले असे लवकर वाटते व तो अभ्यास आधीच आटोपता घेतो. म्हणून ‘समजले का?’ ह्या प्रश्नास मुलांनी एका सुरात दिलेल्या ‘हो’वर विसंबून चालणार नाही.

ह्यावरून शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) माहितीचा धडा आधी पुस्तकातून वाचून घ्यावा. चित्र, ध्वनी व हालचाल दाखविण्यासाठी नंतर पडदा वापरावा.

(२) पडद्यावरील वाचन संपताच यंत्र बाजूला ठेवून मुलाला वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. जेथे तो अडखळेल तेथे मजकूर पुन्हा उघडावा.

(३) केवळ मोबाइलवर होईल असा गृहपाठ देऊ नये. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो व तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर असतो. अशा घरातील मूल आळशी नसूनही मागे पडते, आणि हळूहळू प्रश्नाला हात वर करणेही सोडते.

(४) रोज काही मिनिटे मूकवाचनासाठी राखावीत व त्या वेळी शिक्षकांनीही पुस्तक हाती घ्यावे.

दीर्घ मजकुरावर मन स्थिर ठेवणे ही सवय आहे. ती आपोआप लागत नाही, लावावी लागते. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातील मुलाला ती लावणारी जागा शाळा हीच होय. म्हणून शाळेतील पुस्तकांचे कपाट तपासणीपुरते न उघडता रोज उघडे असावे, आणि त्यातील पुस्तके हाताळून जुनी व्हावीत.