क्विंटलपासून डाल्टनपर्यंत

लातूर आणि नांदेड या शहरांत वस्तुमानाची दोन टोके शेजारी शेजारी नांदतात. मोंढ्यात सोयाबीन आणि तूर क्विंटलने, म्हणजे १०० किलोग्रॅमच्या एककाने, विकली जाते, तर वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवण्यांच्या फळ्यावर अणूचे वस्तुमान डाल्टन या एककात मांडले जाते. या दोन एककांना जोडणारी संख्या एकच आहे, आणि ती वापरणे जितके सोपे, तितके तिचे मूळ समजून घेणे अवघड आहे.

शिक्षणाच्या बाजूचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि जादा तासिका, सततच्या सराव परीक्षा व उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी यांवर उभी राहिलेली तेथील पद्धत पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली. या पद्धतीच्या जडणघडणीशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते.

डाल्टन म्हणजे कार्बन-१२ या समस्थानिकाच्या, म्हणजे ज्याच्या केंद्रकात ६ प्रोटॉन व ६ न्यूट्रॉन असतात अशा कार्बनच्या, एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग होय. १९६०-६१ पूर्वी ऑक्सिजन हा आधार होता. परंतु रसायनशास्त्रज्ञ निसर्गात मिळणाऱ्या मिश्र ऑक्सिजनला १६ मानत आणि भौतिकशास्त्रज्ञ केवळ ऑक्सिजन-१६ ला, त्यामुळे दोन्ही मापांत दहा लाखांत सुमारे २७५ भागांचा फरक पडत असे, आणि तो मिटवण्यासाठीच कार्बन-१२ वर एकमत झाले. एक डाल्टन म्हणजे १.६६०५ गुणिले १० चा उणे २७ वा घात इतके किलोग्रॅम. ग्रॅममध्ये मांडल्यास घात उणे २४ होतो.

या गुणकाची खरी गंमत त्याच्या व्यस्तात आहे. १ ला १.६६०५ गुणिले १० चा उणे २४ वा घात याने भागले असता ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात मिळतो, आणि हाच ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एक मोल पदार्थातील कणांची संख्या होय. हा योगायोग नाही, कारण एका अणूचे डाल्टनमधील वस्तुमान आणि एक मोल अणूंचे ग्रॅममधील वस्तुमान हे एकाच आकड्याने सांगता यावे, अशाच रीतीने मोलची योजना झाली आहे. १.६६ आणि ६.०२ यांचा गुणाकार जवळजवळ १० येतो, त्यामुळे यांपैकी एक संख्या लक्षात असली की दुसरी आपोआप हाती येते. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत लॉगॅरिदमचे कोष्टक तरी मिळते. नीट परीक्षेत तेही नाही आणि गणकयंत्रही नाही, अशा वेळी १.६६ ऐवजी १० भागिले ६ घेतले तरी चूक हजारात चार भागांहून कमी राहते. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अशा हिशेबात ही युक्ती मोलाची ठरते.

उदाहरणादाखल सोने घेता येईल, कारण त्याचा एकच स्थिर समस्थानिक आहे आणि त्याच्या अणूचे वस्तुमान १९६.९७ डाल्टन आहे. सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरला जातो. या तोळ्यात ३.०६ गुणिले १० चा २२ वा घात इतके, म्हणजे सुमारे ३०.६ कोटी कोटी कोटी, अणू असतात. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात ३.५७ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू भरतात. संदिग्धता केवळ अणूच्याच टोकाला असते असे नाही. व्यवहाराच्या टोकालाही ‘तोळा म्हणजे किती’ हे आधी ठरवावे लागते.

रूपांतर करताना होणाऱ्या चुका प्रायः तीन प्रकारच्या असतात. ग्रॅम व किलोग्रॅम यांची गल्लत झाली की उत्तर हजारपटीने चुकते, घाताचे चिन्ह उलटले की भागाकाराच्या जागी गुणाकार होतो, आणि एका अणूचे वस्तुमान व एका मोलचे वस्तुमान यांतील भेद विसरला की उत्तराचा अर्थच बदलतो. या चुका सरावाने टळतात, आणि लातूर पॅटर्नचे सामर्थ्य याच सरावात आहे. सरावाने न सुटणाऱ्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण सरासरीची आहे. क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.४५ दिले जाते, परंतु इतक्या वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू निसर्गात सापडत नाही, कारण ३५ व ३७ वस्तुमानांकांच्या समस्थानिकांचे साधारण तीनास एक असे मिश्रण त्या आकड्यामागे असते.

दुसरी अडचण बेरजेची आहे. ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन व ६ इलेक्ट्रॉन यांची सुटी वस्तुमाने मिळवली तर १२.०९८९ डाल्टन येतात, मात्र कार्बन-१२ चा अणू व्याख्येनेच नेमका १२ डाल्टनचा असतो. कमी पडणारे ०.०९८९ डाल्टन म्हणजे अणू घडताना बाहेर पडलेली सुमारे ९२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा होय. मोंढ्यात दहा पोत्यांच्या वजनांची बेरीज एकूण वजनाइतकीच भरते. अणूच्या पातळीवर तो नियम टिकत नाही.

तिसरी अडचण सर्वांत नवी आणि सर्वांत कमी शिकवली जाणारी आहे. २० मे २०१९ पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंची संख्या म्हणजेच मोल, अशी व्याख्या होती, आणि किलोग्रॅम पॅरिसजवळच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर ठरत असे, ज्याची ५७ क्रमांकाची अधिकृत प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. मग सिलिकॉन-२८ च्या जवळजवळ शुद्ध स्फटिकातून एक किलोचा गोल घडवण्यात आला, क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंमधले अंतर व प्रकाशाने गोलाचा व्यास मोजण्यात आला, आणि त्यावरून गोलातील अणूंची संख्या काढण्यात आली. अशा मोजमापांच्या आधारे ॲव्होगॅड्रो अंक ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा कायमचा निश्चित झाला आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकाला बांधला गेला. परिणामी एका अणूचे डाल्टनमधील वस्तुमान व एक मोल अणूंचे ग्रॅममधील वस्तुमान यांचे नाते आता व्याख्येने पक्के राहिलेले नाही, तर प्रयोगाने मोजावे लागते. जुन्या नात्यापासूनचे विचलन अब्जात एखाद्या भागाइतके आहे.

प्रवेशपरीक्षेच्या गणितात या विचलनाला किंमत शून्य आहे, आणि त्यामुळेच ते वर्गात वगळले जाणे स्वाभाविक आहे. तथापि याच भागातून दरवर्षी विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे मापनाच्या क्षेत्रात जातील आणि गुणक तोंडपाठ असणे त्यांना पुरणार नाही. ही संख्या कोणी, कशी आणि कोणत्या अचूकतेने मोजली, हे सांगण्यास वर्गातील एक तासिका पुरेल, आणि ज्या पद्धतीचा पायाच जादा तासिकांवर उभा राहिला, तिला ती अवघड नसावी.