पराभवाची कबुली म्हणजे निकाल नव्हे!

मतमोजणी सुरू असतानाच एखादा उमेदवार 'मी हरलो' असे जाहीर करतो. नंतर आकडे फिरले, तर ती कबुली त्याला बांधून ठेवते काय? अमेरिकेत हा प्रश्न अनेकदा उपस्थित झाला आहे. कायद्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही.

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या रात्री उशिरा दूरचित्रवाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य जॉर्ज बुश यांच्या पदरात टाकले. अल गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला. जाहीर भाषणासाठी ते निघालेही. तेवढ्यात फ्लोरिडातील अंतर झपाट्याने घटल्याचे कळले आणि गोर यांनी पुन्हा फोन करून कबुली मागे घेतली. बुश संतापले, पण 'तुम्ही शब्द दिला होता' म्हणून कोणत्याही न्यायालयात जाण्याची सोय त्यांना नव्हती. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने कायद्यानेच फेरमोजणी झाली. अखेर ५३७ मतांच्या फरकाने बुश विजयी ठरले, तेही १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने उरलेली फेरमोजणी थांबविल्यावर. निवाडा झाला तो न्यायालयात, टेलिफोनवर नव्हे.

२०१८ साली त्याच फ्लोरिडात गव्हर्नरपदाचे उमेदवार अँड्र्यू गिलम यांनी मतदानाच्या रात्री हार मानली आणि चार दिवसांनी ती मागे घेतली. फेरमोजणी झाली. ते हरलेच, पण हरले ते मतांनी, भाषणाने नव्हे. उलट २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हार मान्य केली नाही, म्हणून काय झाले? २० जानेवारी २०२१ रोजी जो बायडेन यांचा शपथविधी झालाच. कबुलीने कोणी हरत नाही, कबुली नाकारल्याने कोणी जिंकत नाही.

असे का? कारण मत ही उमेदवाराची मालमत्ता नाही. जे आपले नाही ते दुसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकार कोणाला असतो? मात्र एक भेद लक्षात घेतला पाहिजे. फ्लोरिडात हरणारा उमेदवार 'फेरमोजणी नको' असे लेखी कळवू शकतो आणि त्याला कायदेशीर अर्थ आहे. तोंडी कबुली म्हणजे केवळ शिष्टाचार, सही केलेला कागद म्हणजे हक्क सोडणे!

आमच्या देशात तत्त्व हेच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपली की माघार नाही. कोणी 'पाठिंबा' जाहीर केला तरी त्याची मते मोजली जातातच. निकाल जाहीर करण्याचा अधिकार कलम ६६ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. फेरमोजणी हवी असेल, तर एकूण मतांचे आकडे घोषित झाल्यावर, पण नमुना २० वर अधिकाऱ्याची सही होण्यापूर्वी, कारणांसह लेखी अर्ज द्यावा लागतो. सही झाली की ते दार बंद. त्यानंतर उरते ती ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावयाची निवडणूक याचिका.

म्हणून खरा धोका कबुलीत नाही, कबुलीनंतर रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांत आहे. उमेदवार 'हरलो' म्हणाला की प्रतिनिधी टेबल सोडतात. मग आकड्यांवर नजर कोणाची? अर्ज देणार कोण? कायदा झोपलेल्याचे रक्षण करीत नाही. लहान पक्षांच्या आणि गरीब उमेदवारांच्या कार्यकर्त्यांना तर हे अधिकच लागू आहे, कारण त्यांच्यासाठी दुसरे कोणी जागे राहत नाही.

कार्यकर्त्यांनो, नेत्याचा फोन येवो, वाहिन्यांवर गुलाल उधळो, शेवटची फेरी संपून सही होईपर्यंत टेबल सोडू नका! उन्हात रांग लावून मत देणाऱ्या माणसाने हार मानलेली नसते. त्याचे मत मोजले जाईपर्यंत त्याच्या वतीने हार मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.