नंदगडचा वड

२६ जानेवारीचे ध्वजवंदन आटोपले, की आमच्या खानापूर तालुक्यातील पुष्कळांची पावले नंदगडच्या वाटेला लागतात. १८३१ साली याच तारखेस कंपनी सरकारने संगोळ्ळी रायण्णा यांना नंदगडास फाशी दिले. समाधीवरचा वड त्यांच्या एका साथीदाराने लावला, अशी लोकश्रद्धा आहे. मूल व्हावे म्हणून तेथे पाळणे बांधतात.

कित्तूरचे दत्तकविधान कंपनीने नाकारले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरपुढे ठार झाला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत निवर्तल्या. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. रायण्णांचा लढा त्यानंतरचा.

रायण्णा कित्तूरचे शेतसनदी. हा शब्द मराठी वाचकास फोडून सांगावयास नको. सनदेने मिळालेले शेत कसावे, गावची राखण करावी आणि वेळप्रसंगी तलवार धरावी, असा तो बिनवेतनी शिपाई. कंपनीच्या अमलात त्यांची निम्मी जमीन जप्त झाली, उरलेलीवर जबर सारा बसला. जानेवारी १८३० मध्ये त्यांच्या माणसांनी बिडीची कचेरी जाळली, ती आम्हांस केवळ जाळपोळ वाटत नाही. ज्या दप्तराने शेत हिरावले, त्या दप्तरालाच ती आग होती. सरकारी खजिने लुटले गेले, सावकारांचे कागद जळाले. त्यांना कित्तूरच्या गादीवर दत्तकपुत्रास बसवावयाचे होते. अखेर एप्रिल १८३० मध्ये फितुरीने ते पकडले गेले.

ऑगस्ट २०२० मध्ये पिरनवाडीस त्यांच्या पुतळ्यावरून मराठी-कानडी तणाव झाला. शेवटी पुतळा राहिला आणि चौकास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सीमाप्रश्नी आमचे मत सर्वश्रुत आहे, त्यात बदल नाही. परंतु नंदगडच्या मराठी घरांनी रायण्णांना परके मानावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. जमिनीवरचा सारा भाषा पाहून बसला नव्हता.

आणखी एक विनंती. वतनाचे, शेतसनदीचे जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात. ज्यांच्या माळ्यावर अशी बाडे असतील, त्यांनी ती वाळवीच्या हवाली न करता मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. असे जाणकार आता तालुक्यात फार थोडे उरले आहेत, आणि तेही वयोवृद्ध.