टेबलाशी येणारा मेनू

आष्टीच्या एखाद्या हॉटेलात तुम्ही जाऊन बसता. वाढपी टेबलाशी येतो आणि विचारतो, "मिसळ, भजी, पोहे, चहा?" तुम्हांला काही पाठ करावे लागत नाही की उठून गल्ल्यापर्यंत जावे लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरले की जी छोटी यादी उमटते, तिचे काम नेमके ह्या वाढप्याचे! तिला 'पॉप-अप मेनू' म्हणतात.

समजा, तुम्ही घरच्या शेतीच्या हिशेबाचे ॲप तयार केले. पडद्यावर कापूस, सोयाबीन, तूर अशा नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीसमोर 'दुरुस्त करा', 'पाठवा', 'पुसा' अशी बटणे ठेवली, तर पडद्यावर गर्दी होईल. ती दूर कोपऱ्यात नेली, तर बोटाची धावपळ होईल. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे अचूक पोचायला वेळ अधिक लागतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगांनी दाखवले. म्हणून मेनू बोटाजवळ उघडावा आणि त्यातली प्रत्येक ओळ निदान ९ मिलिमीटर उंच असावी.

आता प्रोग्रॅम काय करतो ते पाहू. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी असते. बोट टेकताच तेथली धारिता बदलते आणि स्पर्शाची जागा कळते. बोट न सरकता सुमारे अर्धा सेकंद तेथेच राहिले, तर 'दाबून धरले' असे प्रोग्रॅम समजतो. मग बोटाखाली कोणती नोंद आहे ते ओळखून तिला लागू पडणाऱ्या आज्ञाच तो दाखवतो. बोट पडद्याच्या खालच्या कडेशी असेल, तर यादी वरच्या बाजूला उघडावी लागते. नाही तर निम्मी यादी पडद्याबाहेर जाईल. यादीबाहेर बोट टेकवले, की ती मिटली पाहिजे.

मिटल्यावर झाकलेले चित्र परत कसे येते? १९७०च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात डॅन इंगल्स यांनी असे मेनू तयार केले. पडद्यावरील ठिपक्यांचे चौकोनी तुकडे झटपट हलवण्याची युक्तीही त्यांचीच. मेनूखाली जाणारा तुकडा आधी स्मृतीत जपून ठेवायचा आणि नंतर जागच्या जागी बसवायचा!

एक सावधगिरी मात्र हवीच. 'पुसा' ही आज्ञा 'पाठवा'ला चिकटून ठेवली, तर घाईतल्या एका स्पर्शाने वडिलांचा हंगामभराचा हिशेब नाहीसा होईल. ती शेवटी, थोडी अलग ठेवा, पुसण्यापूर्वी "नक्की पुसायचे?" असे विचारा आणि पुसलेले परत आणण्याची सोयही ठेवा.

ॲप लिहिण्यापूर्वी कागदावर मोबाइलचा पडदा खऱ्या मापाने काढा. त्यावर मेनू आखून आजोबांना त्यांच्या अंगठ्याने आज्ञा दाखवायला सांगा. अंगठा कोठे अडखळतो ते पाहा आणि तेथे तुमचा मेनू बदला.