ग्रॅनोला बार : ओट्स किती, पाक किती?

डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ असे सांगितले की बहुतेक घरांत पहिला बळी जातो तो चहासोबतच्या बिस्किटांचा. मग ऑफिसच्या खणात, मुलांच्या दप्तरात, प्रवासाच्या पिशवीत त्यांची जागा घेतो ग्रॅनोला बार. वेष्टनावर ओट्सच्या लोंब्या, मधाचा थेंब आणि चार बदाम. बिस्किटापेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात, त्यामुळे काहीतरी पौष्टिक खाल्ल्याचे समाधानही जास्त. पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचावीत, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा भाबडेपणा फक्त आपलाच नाही. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतील सामान्य नागरिक आणि आहारतज्ज्ञ अशा दोघांनाही काही पदार्थांची यादी देऊन विचारले होते, यातले आरोग्यदायी कोणते? ग्रॅनोला बारला ७१ टक्के नागरिकांनी होकार दिला. आहारतज्ज्ञांपैकी मात्र फक्त २८ टक्क्यांनी. त्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही पदार्थाबाबत दोन्ही गटांच्या मतांत एवढी तफावत नव्हती.

या नावाभोवतीचे वलय जुने आहे. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सविल येथील आरोग्यधामात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठापासून एक भाजका, भरड पदार्थ तयार केला. नाव ठेवले ‘ग्रॅन्युला’. तो इतका कडक होता की रात्रभर भिजत ठेवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे गव्हाच्या जागी ओट्स आले, तेल आणि गोडवा आला. १९७० च्या दशकात त्याच मिश्रणाच्या वड्या पाकिटात बंद होऊन दुकानात आल्या. पथ्याचे नाव तेवढे जसेच्या तसे राहिले.

वडी म्हटले की पाक आलाच. भाजलेले ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया नुसत्या दाबून एकमेकांना चिकटत नाहीत. लोणावळ्याच्या चिक्कीत शेंगदाण्यांना जसा गुळाचा पाक धरून ठेवतो, तेच काम इथे साखर, मध, लिक्विड ग्लुकोज किंवा तांदळाचे सिरप करते. पाकामुळेच बार महिनोन्महिने टिकतो, कारण जंतूंना लागणारे मोकळे पाणी तो शिल्लक ठेवत नाही. थोडक्यात, या वडीत गोडवा चवीपुरता नसतो, तिचा सांगाडाच त्याचा असतो. चिक्कीतही साखर भरपूर असते, पण चिक्कीला कोणी पथ्याचे खाणे म्हणून विकत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा.

आता पाकीट उलटे करू. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ज्याचे प्रमाण सर्वाधिक, तो पहिला. यादीत ओट्स पहिले दिसले की आपण निश्चिंत होतो. पण त्याखाली साखर, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ असे चार वेगवेगळे गोड पदार्थ असतील, तर प्रत्येकाचे वजन ओट्सपेक्षा कमी भरते आणि तो मागच्या रांगेत जातो. चौघांची बेरीज मात्र ओट्सच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून पहिले नाव वाचून थांबू नये, गोड नावे किती आहेत ते मोजावे. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हेही त्यातच धरा. तांत्रिकदृष्ट्या ते साखरेच्या रकान्यात येत नाही, पण रक्तातील ग्लुकोज वाढवायला ते साखरेपेक्षा मागे नाही.

यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता. उदाहरणादाखल ३५ ग्रॅमचा एक बार घेऊ. समजा, त्याच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे ४४० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने, ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि २० ग्रॅम ‘ॲडेड शुगर’ लिहिली आहे. म्हणजे एका बारमधून सुमारे १५४ कॅलरी, जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने, २ ग्रॅम तंतू आणि ७ ग्रॅम वरून घातलेली साखर पोटात जाते. सात ग्रॅम म्हणजे साधारण दीड चमचा. शेजारच्या रकान्यात ही साखर दिवसाच्या प्रमाणाच्या १४ टक्के दिसेल. मोठी वाटत नाही ना? कारण आपल्याकडील लेबलवरचा हा हिशेब दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही कमाल मर्यादा सांगतानाच, साखर एकूण उष्मांकांच्या ५ टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर आणली तर आणखी चांगले, असेही म्हटले होते. त्या मापाने तोच बार २८ टक्के होतो. काठावरच्या माणसाने कोणते माप धरायचे, हे वेगळे सांगायला नको. शिवाय चहातली साखर अजून मोजलेलीच नाही.

पुढच्या बाजूचे दावे खोटे असतात असे नाही. नियमात बसवूनच ते छापता येतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम तंतू असले की पदार्थाला ‘सोर्स ऑफ फायबर’ म्हणता येते. आपण १०० ग्रॅम खात नाही, ३५ खातो. हाती येतो एक ग्रॅम. दिवसाची गरज तीस ग्रॅमच्या आसपास. एक मध्यम पेरू याच्या कितीतरी पट तंतू देतो आणि त्यावर कुठलाच दावा छापलेला नसतो.

‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेले बार थोडे वेगळे. त्यात पाकाऐवजी बहुधा खजुराचा लगदा असतो. खजुरासोबत तंतू आणि पोटॅशियम मिळते हे खरे, पण मधुमेह असलेल्यांनी ‘टोटल शुगर’चा आकडाही पाहायलाच हवा. काही बारमध्ये माल्टिटॉल असते, यादीत त्याचा क्रमांक ९६५. त्यात साखरेपेक्षा कॅलरी कमी, पण त्या शून्य नव्हेत. दोन-तीन बार एकदम खाल्ले तर पोट बिघडते. मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. चॉकलेटचा थर असलेल्या बारबद्दल फार लिहायला नको, ते चॉकलेटच समजून खावे.

मग बार कधीच खाऊ नये का? राजगडावर चढताना, लांबच्या सायकल फेरीत किंवा शेतात राबताना हीच वडी कामाची आहे. थोड्या वजनात भरपूर ऊर्जा, उन्हात खराब न होणारी, एका हाताने खाता येणारी. तिथे साखर लगेच खर्ची पडते. खुर्चीत बसून पाच वाजता लागलेल्या भुकेला मात्र ३५ ग्रॅम भाजलेले फुटाणे घेतले तर ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, बारच्या दुपटीहून जास्त. वरून घातलेली साखर शून्य. आणि ते चावायला जरा वेळ लागतो, त्यामुळे दुसरी मूठ उचलण्याआधीच चहा संपलेला असतो.