चुकाऱ्याचा पैसा आणि एका ओळीचा खुलासा

गुन्ह्यातून मिळालेला पैसा अनेक खात्यांतून फिरवून, मध्ये एखाद्या धंद्याचा किंवा मालमत्तेचा व्यवहार दाखवून, अखेरीस कष्टाची कमाई म्हणून उजळ माथ्याने पुढे आणण्याच्या प्रकाराला मनी लाँडरिंग म्हणतात. त्याला आळा घालणारा 2002 चा कायदा 1 जुलै 2005 पासून अमलात आला आणि संशयाची पहिली नोंद बँकेनेच करावी, असे त्याने ठरवले. या नोंदी दिल्लीतील फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे 2004 साली स्थापन झालेल्या ‘एफआययू’कडे जातात, ती त्यांची छाननी करून आयकर खाते, पोलिस किंवा सक्तवसुली संचालनालय यांना माहिती पुरवते, तर ग्राहकाची ओळख कशी पटवावी याचे नियम, म्हणजेच केवायसी, रिझर्व्ह बँक घालून देते आणि ते पाळले जातात की नाही हेही तपासते. बँक आणि नियामक यांच्या सहकार्याची ही साखळी कागदावर दिल्ली-मुंबईत दिसत असली, तरी तिचे खरे टोक तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात, रोखपालाच्या खिडकीत असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात असलेल्या या तालुक्यात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, तो पिकाबरोबर येतो. सोयाबीन निघाले, सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, पुढे तूर-हरभरा आला, की त्या चार-पाच महिन्यांत वर्षाची सगळी उलाढाल होते आणि मालाचा चुकारा अनेकदा नगदीच मिळतो. मग खिडकीसमोर कापडी पिशव्या येतात. त्यांतून निघणाऱ्या नोटांच्या गड्ड्यांना घामाचा, मातीचा आणि सरकीच्या ढेपेचा असा मिश्र वास असतो. घडी पडलेली नोट मोजणीच्या यंत्रात अडकते, रोखपाल ती काढून अंगठ्याने सरळ करतो आणि पुन्हा घालतो. भरणा पावतीवर मात्र एक आकडा वारंवार दिसतो: 49 हजार.

या आकड्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. एका दिवसात 50 हजारांहून अधिक रोख भरताना पॅन मागण्याची रीत वर्षानुवर्षे रुजलेली असल्यामुळे रकमेचे तुकडे पाडण्याची सवयही तिच्याबरोबरच रुजली. लबाडी करणारा हेच करतो, हे खरे. परंतु शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्याला पॅनची गरजच कधी पडली नाही, असा कास्तकारही हेच करतो आणि त्याच्या 49 हजारांमागे बहुधा कागदाची भीती असते. पॅन नसल्यास घोषणापत्र भरून काम भागते, एवढे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

नियमित कामाचा भाग थोडक्यात सांगता येतो. 10 लाख रुपयांहून मोठे रोख व्यवहार, तसेच एका महिन्यात तुकड्यातुकड्यांनी 10 लाखांपलीकडे गेलेले एकमेकांशी जोडलेले व्यवहार, यांचा अहवाल पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत एफआययूकडे पाठवावा लागतो आणि हे काम आता बहुतांशी संगणकच करतो. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल मात्र रकमेवर अवलंबून नसतो, कारण 49 हजारांचा व्यवहारही संशयास्पद ठरू शकतो. संगणकाने इशारा दिला, की मुख्य कार्यालय शाखेकडे खुलासा मागते आणि शाखेतला कर्मचारी पडद्यावरच्या छोट्या चौकटीत एक ओळ लिहितो: ‘कापूस विक्रीचा चुकारा’.

सगळ्या व्यवस्थेचा भार या एका ओळीवर आहे, आणि तिचे महत्त्व वरच्या कार्यालयांना पुरेसे उमगलेले नाही. आठ महिने जवळजवळ रिकामे असलेले आणि अचानक रकमांनी भरून लगेच रिकामे होणारे खाते संगणकाला सारखेच दिसते, मग ते पीककर्ज फेडणाऱ्या कास्तकाराचे असो, वा चार पैशांच्या आमिषाने पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊन बसलेल्या बेरोजगार तरुणाचे असो. या दुसऱ्या प्रकारच्या भाड्याच्या खात्यांतूनच आज सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो. ती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ ही संगणकीय यंत्रणा विकसित केली, तेही स्वागतार्हच आहे; पण खातेदाराच्या शेतात या वर्षी कापूस होता की नव्हता, हे खिडकीतल्या माणसालाच माहीत असते.

स्थानिक माहितीवर विश्वास ठेवला नाही म्हणजे काय होते, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, 14 नोव्हेंबर 2016 रोजी, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली; या मार्गाने काळा पैसा पांढरा होईल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, परंतु ज्यांचे पीककर्ज आणि खाते याच बँकांत होते त्यांना ऐन कापसाच्या हंगामात दुसऱ्या बँकेची दारे शोधावी लागली. आधीच्या दिवसांत जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी या बँकांना जून 2017 मध्ये मिळाली.

ग्राहकाविषयी अहवाल पाठवला आहे, हे त्याला कळू देण्यास कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मात्र या गुप्ततेच्या आडोशाने शाखेलाही अंधारात ठेवले जाते. ओळ लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला तिचे पुढे काय झाले हे क्वचितच समजते, त्यामुळे तीच ओळ हळूहळू नुसता उपचार बनते आणि भाड्याच्या खात्यापुढेही ‘कापूस विक्रीचा चुकारा’ लिहिले जाण्याचा धोका वाढतो. एकतर्फी माहिती पुरवण्याला सहकार्य म्हणता येत नाही. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे वेचणी संपून खिडकीवरची गर्दी ओसरली की, मुख्य कार्यालयांनी कोणाचेही नाव न घेता शाखांना इतके तरी कळवावे: गेल्या हंगामातले कोणते खुलासे उपयोगी पडले, कोणते चुकले, आणि 49 हजारांच्या पावत्यांत खरा संशय कुठे होता.