बेसबॉलच्या मैदानात घड्याळाची टिकटिक

फ्लोरिडातील नॉर्थ पोर्ट येथे २५ फेब्रुवारी २०२३ रोजी अटलांटा ब्रेव्हज आणि बोस्टन रेड सॉक्स यांच्यातील सराव सामना ६-६ अशा बरोबरीत होता. नववी म्हणजे अखेरची इनिंग, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर ब्रेव्हजचे धावपटू उभे आणि बॅटर काल कॉनलीच्या खात्यात तीन बॉल व दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल पडला असता, तर त्याला पहिला बेस आपसूक मिळून विजयी धाव निघाली असती. पंचांनी खेळ थांबवून इशारा केला तेव्हा आपणच जिंकलो असे वाटून कॉनली पहिल्या बेसकडे निघालाही. प्रत्यक्षात पंचांनी त्याला बाद ठरविले होते. घड्याळात आठ सेकंद शिल्लक असताना तो चेंडू खेळण्याच्या पवित्र्यात नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा! तो शेवटचा चेंडू टाकला गेलाच नाही आणि सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षकांनी साहजिकच हुर्यो उडविली.

सराव सामना असल्याने त्या निकालाने कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु शतकाहून अधिक काळ घड्याळाविना खेळल्या गेलेल्या या खेळात काय बदलले आहे, याची जाणीव त्या एका क्षणाने अमेरिकेला करून दिली. त्यानंतर साधारण महिनाभराने, ३० मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या मेजर लीग बेसबॉलच्या हंगामापासून 'पिच क्लॉक' अधिकृतपणे लागू झाले.

नियम काय सांगतो?

क्रिकेटच्या गोलंदाजासारखे काम बेसबॉलमध्ये पिचर करतो. चेंडू हाती आल्यावर तो किती वेळात टाकायचा, याचे बंधन म्हणजे पिच क्लॉक. बेसवर एकही धावपटू नसेल, तर पिचरला १५ सेकंद मिळतात. धावपटू असेल, तर २०२३ मध्ये २० सेकंद मिळत. २०२४ पासून ही मुदत १८ सेकंदांवर आणण्यात आली. घड्याळ शून्यावर येण्याआधी त्याने चेंडू टाकण्याची हालचाल सुरू केली पाहिजे. तसे न झाल्यास बॅटरला एक बॉल बहाल होतो, आणि चार बॉल म्हणजे पहिला बेस मोफत. बॅटरनेही आठ सेकंद उरले असताना सज्ज होऊन पिचरकडे पाहिले पाहिजे. अन्यथा त्याच्या नावावर एक स्ट्राइक लागतो, आणि तिसऱ्या स्ट्राइकला तो बाद. एका पाळीत बॅटरला एकदाच खेळ थांबविण्याची विनंती करता येते. एक बॅटर गेल्यावर दुसऱ्याने येण्यासाठी ३० सेकंद दिलेले आहेत.

या नियमातील पळवाट ओळखून ती आधीच बुजविण्यात आली. बेसवरील धावपटू पुढे सरकू नये म्हणून पिचर मध्येच त्या बेसकडे चेंडू फेकतो. असे प्रत्येक वेळी केले, तर घड्याळ पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून लावावे लागेल. म्हणून एका बॅटरसमोर अशी दोनच संधी पिचरला ठेवली आहे. तिसऱ्या खेपेस धावपटू बाद झाला नाही, तर त्याला एक बेस पुढे जाऊ दिले जाते.

खेळ मंदावला कशाने?

चेंडू ठराविक सेकंदांत टाकावा, हा दंडक बेसबॉलला नवा नव्हता. बेस मोकळे असताना १२ सेकंदांत चेंडू टाकावा, असे नियमपुस्तकात आधीपासून लिहिलेले होते. मात्र मैदानावर घड्याळ नव्हते आणि पंचही त्याकडे काणाडोळा करीत. १९७० च्या दशकात नऊ इनिंगचा सामना साधारणपणे अडीच तासांत आटोपत असे. २०२१ मध्ये हीच सरासरी ३ तास १० मिनिटांवर पोहोचली.

वेळकाढू खेळाडू पूर्वीही होते. टेक्सास आणि क्लीव्हलँडकडून खेळलेला माइक हारग्रोव्ह प्रत्येक चेंडूपूर्वी हातमोजे, टोपी, बाह्या सावरण्यात इतका वेळ घालवी, की पावसाने थांबलेल्या खेळाची उपमा त्याला टोपणनाव म्हणून चिकटली. परंतु अलीकडचा संथपणा निव्वळ सवयीचा नव्हता. त्यामागे हिशेब होता. दोन चेंडूंमध्ये अधिक विश्रांती मिळाली, तर पुढचा चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकता येतो. पिचरच्या सरळ वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता. तो २०२४ मध्ये ९४.२ मैलांवर गेला. वेग वाढला की बॅटरचे टोले चुकतात, स्ट्राइकवर बाद होणाऱ्यांची संख्या वाढते आणि मैदानावरील सात क्षेत्ररक्षक नुसते उभे राहतात. म्हणजे सामना लांबत होता, पण त्यात घडत मात्र कमी होते. प्रेक्षकांची खरी तक्रार तीन तासांविषयी नव्हती. त्या तीन तासांतील रिकामपणाविषयी होती.

पाच सेकंदांचा हिशेब

एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू टाकले जातात. प्रत्येक चेंडूमागे केवळ पाच सेकंद वाचले, तरी दीड हजार सेकंद, म्हणजे २५ मिनिटे होतात. प्रत्यक्षातील आकडे या हिशेबाशी जुळणारे आहेत. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी २०२२ मध्ये ३ तास ४ मिनिटे होती. २०२३ मध्ये ती २ तास ४० मिनिटांवर आली. १९८५ नंतर इतके छोटे सामने झाले नव्हते. साडेतीन तास किंवा त्याहून अधिक लांबलेले नऊ इनिंगचे सामने २०२१ मध्ये ३९१ होते. २०२३ मध्ये ते अवघे ९ उरले.

विशेष म्हणजे, ही बचत खेळाला कात्री लावून झालेली नाही. इनिंग नऊच राहिल्या, बाद करावयाचे गडी तेवढेच राहिले. उलट, दोन्ही संघांच्या मिळून होणाऱ्या धावा सामन्यामागे सुमारे साडेआठवरून सव्वानऊपर्यंत वाढल्या. धावपटूंनी चोरलेल्या बेसची संख्या २०२२ मधील २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. अर्थात, याचे सारे श्रेय घड्याळाला देता येणार नाही. त्याच वर्षी बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच करण्यात आली आणि क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला गोळा करण्यावरही निर्बंध आले. धावपटूकडे चेंडू फेकण्यावरील मर्यादा मात्र घड्याळाचीच सोबतीण आहे.

प्रेक्षकसंख्या २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी ४५ लाख होती, ती २०२३ मध्ये ७ कोटींच्या पुढे गेली. एक गमतीदार परिणामही दिसला. दारूविक्री सातव्या इनिंगनंतर बंद करण्याची अनेक मैदानांची प्रथा होती. सामने लवकर संपू लागताच काही संघांनी ही मुदत आठव्या इनिंगपर्यंत वाढविली. विक्री लवकर थांबविण्याचा हेतू प्रेक्षकांनी शुद्धीवर घरी जावे हा असताना ती उलट लांबविणे कितपत योग्य, असा सवाल फिलाडेल्फियाचा पिचर मॅट स्ट्राम याने जाहीरपणे केला होता.

खेळाडूंची तक्रार

हा बदल एकमताने झालेला नाही. नियम ठरविणाऱ्या समितीत संघमालकांचे सहा, खेळाडूंचे चार आणि पंचांचा एक प्रतिनिधी असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये खेळाडूंच्या प्रतिनिधींनी घड्याळाच्या विरोधात मत दिले; तरीही मालकांच्या बहुमतामुळे प्रस्ताव संमत झाला. २०२४ साठी मुदत १८ सेकंद करतानाही हेच घडले. त्यामागील कारण उद्बोधक आहे. २०२३ च्या एप्रिलपेक्षा सप्टेंबरमधील सामने सरासरीने सात मिनिटे अधिक चालले होते. मिळालेला प्रत्येक सेकंद कसा वापरावा, हे खेळाडू हंगामाच्या मध्यापर्यंत शिकले होते.

एप्रिल २०२४ मध्ये अनेक नामवंत पिचर कोपराच्या दुखापतीने जायबंदी झाले, तेव्हा विश्रांती कमी झाल्यानेच हे घडत असल्याचा आरोप खेळाडूंच्या संघटनेने केला. लीगने तो फेटाळला आणि वाढत्या वेगाच्या हव्यासाकडे बोट दाखविले. दोन्ही बाजूंचे म्हणणे एका मुद्द्यावर एकत्र येते. प्रत्येक चेंडू सर्व शक्ती पणाला लावून टाकायचा आणि त्यानंतरची विसावण्याची वेळ मात्र कमी करायची, या दोन्ही अपेक्षांचे ओझे एकाच कोपरावर पडते. घड्याळामुळे पिचर आपला वेग आवरता घेतील, अशी काहींची अटकळ होती. वेगाचे आकडे तरी तसे सांगत नाहीत.

भावनेचा प्रश्न वेगळाच आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी कोडी बेलिंजर शिकागो कब्जकडून प्रथमच लॉस एंजेलिसच्या जुन्या मैदानावर उतरला. पूर्वी ज्यांच्यासाठी तो खेळला, ते प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. ते स्वागत स्वीकारण्यात काही सेकंद गेले आणि पंचांनी त्याच्या नावावर स्ट्राइक लावला. कृतज्ञतेसाठी नियमात जागा नव्हती.

बास्केटबॉल ते क्रिकेट

घड्याळाने खेळ वाचविल्याचे जुने उदाहरण बास्केटबॉलचे आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन संघाने चेंडू नुसता खेळवत ठेवून मिनियापोलिसला १९-१८ असे हरविले, तेव्हा प्रेक्षक विटले. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये २४ सेकंदांचे बंधन आले. सामन्याचे २,८८० सेकंद आणि चांगल्या सामन्यातील सुमारे १२० फेकी, यांचा भागाकार म्हणजे २४.

अशा घड्याळाचा चटका भारतीय क्रिकेटरसिकांनीही पाहिला आहे. दोन षटकांमध्ये ६० सेकंदांहून अधिक वेळ घालविणाऱ्या संघाला दोन ताकिदींनंतर पाच धावांचा दंड, हा नियम आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये डिसेंबर २०२३ पासून प्रयोग म्हणून आणि जून २०२४ पासून कायमचा आला. १२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमधील विश्वचषक सामन्यात मुंबईत जन्मलेल्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेतर्फे विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद करून भारताला अडचणीत आणले होते. भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या असताना अमेरिकेला हाच दंड झाला आणि समीकरण ३० चेंडूंत ३० धावा असे सोपे झाले. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला.

घड्याळ कोणावर?

बेसबॉलला घड्याळ नाही, ही त्याच्या चाहत्यांची अभिमानाची गोष्ट होती. फुटबॉलमध्ये आघाडीवरील संघ वेळ काढून सामना खिशात टाकू शकतो. बेसबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा सत्ताविसावा गडी बाद केल्याशिवाय सुटका नाही; कितीही मागे पडलेल्या संघाला अखेरच्या गड्यापर्यंत आशा असते. पिच क्लॉकने ही आशा हिरावली काय, हा खरा प्रश्न आहे. उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. हे घड्याळ सामना संपवीत नाही. ते दोन चेंडूंमधील रेंगाळणे संपविते. आघाडीवरील संघाला आजही सत्तावीस गडी बाद करावेच लागतात.

परंतु नॉर्थ पोर्टच्या मैदानावरील तो न टाकलेला चेंडू विसरता येत नाही. २०२३ च्या २,४३० साखळी सामन्यांत घड्याळभंगाचे प्रसंग हजाराच्या आसपासच घडले. म्हणजे निम्म्याहून अधिक सामने एकाही दंडाविना पार पडले. खेळाडू शिकले, प्रेक्षक रुळले. तरीही जेतेपदाच्या सामन्यात, तिन्ही बेस भरलेले असताना, अखेरचा गडी एखादे दिवशी चेंडूने नव्हे तर सेकंदकाट्याने बाद झाला, तर वाचविलेल्या त्या २४ मिनिटांची किंमत अमेरिकेला नव्याने मोजावी लागेल.